परमुलखातील फळा

शिक्षकाचा पेशा हा मुळात एका जागी रुजून राहणाऱ्या माणसाचा पेशा आहे. वाडीत खपणारा शेतकरी जसा स्वतः लावलेल्या माडाचे नारळ काही वर्षांनी स्वतःच उतरवतो, तसाच गावचा शिक्षक आज ज्याला बाराखडी शिकवतो त्याच्या मुलालाही पंचवीस वर्षांनी तीच बाराखडी शिकवतो. आपल्या वसईत हे चित्र घरोघरचे आहे. बाजारात भाजी घेताना, एस. टी.च्या रांगेत, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर, कोणी ना कोणी “टीचर, ओळखलंत का?” म्हणून थांबवतोच. पगार हा शिक्षकाच्या कमाईचा एक भाग. उरलेली कमाई त्याला अशी रस्त्यात भेटत असते.

मग जो शिक्षक आपला मुलूख सोडून परक्या देशी शिकवायला जातो, त्याच्या या दुसऱ्या कमाईचे काय होते? हा प्रश्न आम्हां उभयतांनी अठ्ठावीस वर्षे मनात वागवला. १९९४ च्या एप्रिलपासून २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत आम्ही दुबईतील भारतीय शाळांत शिकवले. एकाने गणित, दुसरीने सामाजिक शास्त्रे. परत आल्यापासून धर्मग्रामातील तरुण शिक्षक जोडपी संध्याकाळी घरी येतात आणि विचारतात, “जावे का?” पगार किती, घरभाडे किती, हे त्यांना कोणीही सांगेल. आम्हांला सांगावेसे वाटते ते त्यापलीकडचे आहे.

आखाताशी आपला संबंध काल-परवाचा नाही. तेलाचा शोध लागण्याच्या फार पूर्वी तिकडचे मोती मुंबईच्या बाजारात येत. १९३० च्या दशकात जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो व्यापार बुडवला, तरीही आपला रुपया तिकडे चालतच राहिला. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या आणि १९६६ सालच्या अवमूल्यनापर्यंत त्या दुबईत चलनात होत्या. दुबईची ‘इंडियन हायस्कूल’ १९६१ साली सुरू झाली, म्हणजे संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्मले त्याच्या दहा वर्षे आधी. आज त्या देशात केंद्रीय मंडळाच्या शंभरावर शाळा आहेत. आमच्या आधी गेलेल्या शिक्षकांनी ही वाट मळलेली होती. आम्ही तिच्यावरून चाललो, एवढेच.

अर्थात ती वाट विरार-चर्चगेट लोकलमधून आणि मंत्रालयातील रांगेतून जात होती. पदवीचे आणि बी. एड.चे प्रमाणपत्र आधी राज्य सरकारने, मग परराष्ट्र मंत्रालयाने, शेवटी अमिरातीच्या वकिलातीने साक्षांकित करायचे. तिकडे पोहोचल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, मग कामाचा परवाना आणि निवासाचा शिक्का. हा शिक्का नोकरीला बांधलेला असतो. नोकरी आहे तोवर घर आहे. नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची किंवा बाडबिस्तरा आवरायचा. अनुदानित शाळेतील कायम नोकरीचा राजीनामा देऊन, निवृत्तिवेतनाचा हक्क मागे ठेवून आम्ही गेलो. घरचे कर्ज आणि पाठची भावंडे हे त्याचे कारण होते. ते कोणाला कमी उदात्त वाटले तरी आमच्या दृष्टीने पुरेसे होते.

वर्गात उभे राहिल्यावर पहिली अडचण आली ती नदीची. पाठ्यपुस्तकात नदीचा उगम, मैदान, मुख असा धडा. आणि समोर बसलेली मुले अशा देशातील, जिथे बारमाही वाहणारी एकही नदी नाही. मोसमी पाऊस, भाताची लावणी, पूर, हे शब्द ती तोंडपाठ म्हणत, परंतु कित्येकांनी सलग दोन तास पाऊस पडताना पाहिलेला नव्हता. पहिली दोन-तीन वर्षे फळ्यावर चित्रे काढण्यात गेली. मग एका हिवाळ्यात मुलांना बसने अल ऐनच्या खजुरीच्या बागांत नेले. डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालून उताराने आणून बागेत खेळवण्याची तिथली जुनी रीत आहे. त्या पाटाला ‘फलज’ म्हणतात. कोणत्या बागेला किती वेळ पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या असत. अल ऐनची ही ठिकाणे २०११ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण आमची सहल त्याच्या कितीतरी आधीची. पाटाच्या काठावर बसून आम्ही मुलांना वसईतील बावखल सांगितले: पावसाचे पाणी साठवणारे वाडीतील ते लहानसे तळे, त्यावरचे रहाट, पानवेलीपर्यंत पोहोचणारे पाट. एका मुलाने विचारले, “मग तुमच्याकडे पाऊस असून तुम्ही पाणी का साठवता?” त्या प्रश्नापासून मोसमी पावसाचा धडा आपोआप सुरू झाला. परमुलखातील शिक्षकाने प्रथम यजमान देशाची माती वाचायला शिकावे, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला. पुस्तक भारताचे असेल, पण मुलाचे पाय ज्या मातीवर आहेत तिथूनच त्याला चालवत न्यावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला की वर्ग शांत होई. शारजात जन्मलेली मल्याळी मुलगी केरळमधील आजीच्या घराविषयी लिही, जे तिने दोन उन्हाळ्यांत मिळून ऐंशी-नव्वद दिवस पाहिलेले असे. गोव्याच्या एका मुलाने आपल्या इमारतीचे नाव आणि मजल्याचा क्रमांक लिहिला आणि पुढे लिहिले, ‘हे माझे गाव आहे, पण आम्ही भाडेकरू आहोत.’ त्या वाक्याला गुण किती द्यावेत हे आम्हांला उमगेना. तिथे जन्मलेल्या मुलालाही जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. वडिलांचा परवाना संपला की त्याचेही बालपण आवरते घ्यावे लागते. अशा मुलांना ‘आपल्या देशावर प्रेम करा’ असे फळ्यावर लिहून भागत नाही. त्यांना दोन्ही देश दाखवावे लागतात, आणि दोन्हींपैकी एकालाही कमी लेखायचे नसते.

आमचे स्वतःचेही काही निराळे नव्हते. शाळेची मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे अठ्ठावीस वर्षे आम्ही वसई बहुधा पावसातच पाहिली. पेरू-आंब्यांचा बहर, लग्नसराई, सुकेळी वाळत घातलेली अंगणे, हे सगळे पत्रांतून आणि नंतर फोनवरून कळे. नाताळ गावी साजरा झाला तो मोजून पाच वेळा, कारण डिसेंबरच्या सुटीत विमानाचे भाडे दुपटीवर जाई.

रविवारचेही तेच. तिकडे शुक्रवार सुटीचा. रविवारी सकाळी आम्ही पहिल्या तासाला उभे असू. दुबईचे सेंट मेरीज चर्च शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर १९६७ साली उभे राहिले. तिथे रविवारची उपासना शुक्रवारी होई आणि मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्गही त्याच दिवशी भरत. आठवडाभर शाळेत शिकवून सुटीच्या दिवशी पुन्हा धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारे कितीतरी शिक्षक आम्ही तिथे पाहिले. फिलिपिनो, तमिळ, कोकणी, मल्याळी, अरब अशा सगळ्यांच्या गर्दीत उभे राहिल्यावर ख्रिस्तसभा ही गावापेक्षा मोठी आहे, हे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील वाक्य डोळ्यांनी दिसे. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीत मिस्सा अर्पण केली. अरबी द्वीपकल्पावरील पोप महोदयांची ती पहिलीच मिस्सा, आणि लाखाहून अधिक माणसे तिला जमली. आमच्या शेजारी उभी असलेली परिचारिका रात्रपाळी संपवून थेट तिथे आली होती. जानेवारी २०२२ पासून त्या देशाने शनिवार-रविवारची सुटी स्वीकारली. शेवटचे तीन महिने आम्हांलाही रविवार मिळाला.

परंतु या लेखाच्या आरंभी जो प्रश्न मांडला, तो खऱ्या अर्थाने टोचला तो २००८ च्या अखेरीस. जगाची मंदी दुबईत पोहोचली, इमारतींवरच्या याऱ्या जागच्या जागी थांबल्या, आणि नाताळच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा छत्तीस मुलांच्या वर्गात नऊ बाके रिकामी होती. कोणाचे वडील अभियंता, कोणाचे सुतार, कोणाचे हिशेबनीस. मुलांना निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता. एका मुलीची भूमितीची वही आमच्याकडे तपासायला राहिली होती. तिच्या पत्त्याचा आम्ही पुष्कळ शोध घेतला, पण जुना फोन बंद झालेला आणि नवा कोणालाच ठाऊक नाही. ती वही आम्ही तपासली, शेरा लिहिला आणि ठेवून दिली. वसईतल्या शाळेत असतो तर ती मुलगी कधीतरी बाजारात भेटली असती. तिथे ती भेटण्याची शक्यताच नव्हती.

त्यानंतर आम्ही वर्गात जाण्याची रीत बदलली. ‘पुढच्या वर्षी सविस्तर पाहू’ हे वाक्य आम्ही टाकून दिले. प्रत्येक मुलाला आपल्याला हे एकच वर्ष दिले आहे, कदाचित ही एकच सहामाही, असे धरून शिकवू लागलो. वही त्याच दिवशी तपासायची. चांगले काही दिसले तर त्याच तासाला बोलून दाखवायचे. शाबासकी उद्यावर ठेवायची नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद होऊन पडद्यावरचे वर्ग सुरू झाले तेव्हा या सवयीचा फार उपयोग झाला. आम्ही होतो त्या शाळेने शिक्षकांच्या वेतनात कपात केली. वडिलांची नोकरी गेलेल्या मुलांचे चौकोन पडद्यावरून एकेक करून नाहीसे होत होते. ७ मे पासून भारतात परत नेणारी विमाने सुटू लागली. त्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने गणिताचा तास संपल्यावर सांगितले, “सर, उद्या आमचं विमान आहे. मला शेवटचं उदाहरण समजलं.” एवढे बोलून तो गेला. आमच्या मते शिक्षकाला परमुलखात मिळणारी दुसरी कमाई ती हीच. ती जागच्या जागी रोख मिळते, तिची थकबाकी पुढे राहत नाही.

याची किंमतही सांगितली पाहिजे. २००३ च्या मार्चमध्ये, वार्षिक परीक्षा चालू असताना, घरून पहाटे फोन आला. वडील गेले होते. रजा मंजूर होऊन, तिकीट मिळून आम्ही पोहोचलो तो तिसरा दिवस होता. माती देऊन झाली होती. कबरीवरची फुले सुकली होती. ज्यांनी आम्हांला हाताला धरून शाळेत नेले, त्यांना मूठभर माती द्यायला आम्ही नव्हतो, आणि त्याच वेळी दुसऱ्यांच्या मुलांचे पेपर आमच्या पिशवीत होते. याचे समाधान होईल असे कोणतेही उत्तर आम्हांला आजवर सापडलेले नाही. जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावे.

आमच्या मुलीचे शिक्षण हाही त्या किमतीचाच भाग होता. शाळेत इंग्रजी, हिंदी, शिवाय नववीपर्यंत सक्तीची अरबी. मराठीला जागाच नव्हती. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर आम्ही बालभारतीची पुस्तके मागवत असू आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास मराठीचा. बारावीनंतर ती मुंबईस वसतिगृहात राहिली. तिथे तिला सगळे ‘दुबईची’ म्हणत, आणि दुबईत ती ‘इंडियन’ होती. आज ती मराठी वाचते, लिहिते, घरची बोली मात्र थबकत बोलते. शिक्षकांच्या घरातही जे आपोआप येत नाही ते दररोज थोडेथोडे द्यावे लागते.

परदेशी शिक्षक दोन प्रकारचे असतात, असे आम्हांला वाटते. एक फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासारखे. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, चाळीस वर्षे इथल्या माणसांत राहिला, त्यांची भाषा शिकून त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ साली छापले गेले, आणि १६१९ साली इथल्याच मातीला मिळाला. दुसरे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यासारखे. सम्राटाच्या हुकुमाने रोम सोडावे लागलेले हे तंबू शिवणारे दांपत्य करिंथला राहिले, तिथून इफिससला गेले, आणि तिथे अपुल्लोसला घरी नेऊन त्यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. स्टीफन्ससारखे रुजणे आम्हांला त्या देशाच्या कायद्याने शक्य नव्हते. पण अक्विला-प्रिस्किल्लांपाशीही कायमचे घर नव्हते. शिकवण्यासाठी त्यांना ते लागले नाही. हे स्मरण आम्हांला अनेकदा धीर देऊन गेले.

आता जे जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी चार रोखठोक गोष्टी. बी. एड. पुरे केल्याशिवाय निघू नये. त्यावाचून चांगल्या शाळेचे दार उघडत नाही. निवृत्तिवेतन नाही, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. सेवेच्या अखेरीस ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचे आणि पुढे दर वर्षाला तीस दिवसांचे मूळ वेतन, एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनापलीकडे जात नाही. घरभाडे व इतर भत्ते या हिशेबात धरत नाहीत, म्हणून करारावर सही करताना मूळ वेतनाचा आकडा आधी पाहावा. खाजगी शिकवणीला पूर्वी कायद्याने मनाई होती. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने त्यासाठी परवाना देण्याची सोय केली, तो घेतल्याशिवाय शिकवणी करू नये. पंचावन्न वर्षांवरील निवृत्तांसाठी पाच वर्षांच्या व्हिशाची योजना दुबईने २०२० साली जाहीर केली खरी, परंतु तिची आर्थिक अट भारतीय शाळेच्या शिक्षकाला सहसा झेपणारी नाही. परतावे लागणारच, तेव्हा गावचे घर, गावची माणसे आणि गावची भाषा जपूनच जावे.

आणि गावालाही आम्हांला एक सांगायचे आहे. परतल्यावर आम्ही पाहतो तो वसई बदललेली आहे. इमारतींच्या कामांवर, वीटभट्ट्यांवर आलेल्या कुटुंबांची मुले आपल्या शाळांत येतात आणि काम संपले की अर्ध्या वर्षात नाहीशी होतात. “ही मुलं काय, राहणारी थोडीच आहेत?” असे कोणी म्हणाले की आम्हांला ती नऊ रिकामी बाके दिसतात. आपल्यातील हजारो माणसे परमुलखात पाहुणी म्हणून राहिली, त्यांच्या मुलांना तिथल्या शाळांनी बाक दिले. आज पाहुणा मुलगा आपल्या दारी आहे. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही अशा काही मुलांना गणित आणि मराठी शिकवतो. सध्या चौदा आहेत. पावसाळ्यापर्यंत किती उरतील हे सांगता येत नाही. वह्या मात्र त्याच दिवशी तपासून देतो.